जागा रिकामी झाली

एप्रिल उजाडला की आमच्याकडे गोपनीय अहवालांचा हंगाम सुरू होतो. वर्षभर ज्या माणसाबरोबर चहा प्यायलो, ज्याच्या मुलीच्या बारशाला जाऊन आलो, त्याची आकलनशक्ती, कामाचा उरक, सचोटी, सहकाऱ्यांशी वागणूक असं सगळं रकान्यांत बसवायचं आणि शेवटी प्रतवारी करायची. 'उत्कृष्ट', 'निश्चित चांगला', 'चांगला', 'साधारण'. 'चांगला' आणि 'निश्चित चांगला' यांच्यात नेमका फरक काय, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. नुसता 'चांगला' म्हणजे अनिश्चित चांगला असावा.

यंदा माझ्या वाट्याला चौघं होते. रविवारी रात्री वहीत कच्चा मजकूर उतरवत बसले होते. दोघांचं झालं, तिसऱ्यापाशी अडले. तेवढ्यात मुलगा लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसला. म्हणाला, "आई, पाऊण तास दे. ह्यात तुझं ऑफिस आहे."

'स्टार ट्रेक'चं त्याचं वेड जुनं. मी जाता-येता पडद्यावर टोकदार कानांचा कुणी, कपाळावर कंगोरे असलेला कुणी, एवढं बघून स्वयंपाकघरात निघून जायची. अंतराळयानात माझं ऑफिस कसलं डोंबलाचं असणार? पण तिसरा अहवाल पुढे ढकलायला निमित्त हवंच होतं.

भागाचं नाव 'लोअर डेक्स'. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ही मालिका अमेरिकेत १९८७ ते १९९४ अशी सात वर्षं चालली. हा भाग शेवटच्या वर्षातला, फेब्रुवारी १९९४चा. यानाचं नाव एंटरप्राइज. त्यावर एक हजार चौदा माणसं आहेत, असा आकडा एका भागात येतो म्हणे. पण सात वर्षं आपण ओळखतो ती जेमतेम सात-आठ. कप्तान पिकार्ड, त्याचा उजवा हात रायकर, सुरक्षाप्रमुख वॉर्फ, डॉक्टर क्रशर, इंजिनांचा मुख्य जॉर्डी ला फोर्ज, समुपदेशक ट्रॉय, यंत्रमानव डेटा. उरलेले हजारभर लोक हातात पाटीएवढं यंत्र घेऊन कॉरिडॉरमधून जाताना दिसतात. १९६६ ते १९६९ च्या मूळ मालिकेत तर अशा निनावी लोकांची आणखी दैना होती. लाल शर्टातला अनोळखी माणूस साहेबांबरोबर परक्या ग्रहावर उतरला, की तो परत यायचा नाही हे प्रेक्षकाला आधीच कळायचं. त्यावर अजून विनोद होतात, असं मुलगा सांगत होता. मला काही फारसं हसू आलं नाही.

या एका भागापुरता कॅमेरा त्या हजारातल्या चौघांपाशी जाऊन बसतो. चौघंही एन्साइन, म्हणजे अधिकाऱ्यांच्या शिडीची सगळ्यात खालची पायरी. भागाचं नावही समुद्रावरच्या जहाजांतून आलेलं: अधिकारी वर, खलाशी खालच्या डेकवर.

सुरुवातच बघा. टेन फॉरवर्ड नावाचं यानातलं उपाहारगृह. एका टेबलावर रायकर आणि ट्रॉय कर्मचाऱ्यांचे मूल्यमापन अहवाल चाळतायत. पलीकडच्या टेबलावर ही पोरं बसलीयत आणि गप्पा मारता मारता सगळ्यांचे डोळे तिकडे. कुणाचं चाललं असेल? माझं असेल का? साहेबांनी मान हलवली ती कशी हलवली? मी मुलाकडे पाहिलं. तो काही न बोलता हसला.

रात्रपाळीच्या एका वरच्या जागेसाठी दोन नावं आहेत. एक सॅम लॅव्हेल, दुसरी सितो जॅक्सा. सितो हे तिचं आडनाव. तिच्या बेजोर ग्रहावर आडनाव आधी लावतात, आमच्या हजेरीपटासारखं. लॅव्हेलची पंचाईत अशी की रायकरला तो आवडत नाही, आणि का आवडत नाही ते त्याला कळत नाही. मग तो काय करतो? जे आपण सगळेच करतो. साहेबांचं गाव कुठलं ते काढतो. रायकर कॅनडाचा आहे अशा समजुतीने बारपाशी जाऊन ओळख वाढवायला बघतो. रायकर थंडपणे सांगतो, मी अलास्काचा. यावर बिचारा म्हणतो, तिथेही बर्फ पुष्कळ पडतो म्हणा.

इथे मी मोठ्याने हसले. आमच्याकडे एक साहेब नव्याने बदलून आले होते. ते पंढरपूरकडचे आहेत अशी बातमी फुटली आणि आमच्यातल्या एकाने पहिल्याच भेटीत वारीचा विषय काढला. साहेब निघाले खानदेशातले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "फाईल आणलीये का?"

ट्रॉय रायकरला सांगते की हा पोरगा तुला खुपतो, कारण तो तरुणपणीच्या तुझ्यासारखा आहे. प्रतिवेदन अधिकाऱ्यांना, म्हणजे अहवाल लिहिणाऱ्यांना, असं सांगणारं माणूस प्रत्येक कार्यालयात नेमायला हवं.

नंतर पत्त्यांचा डाव येतो. एका खोलीत वरचे, दुसऱ्या खोलीत खालचे. दोन्हीकडे विषय एकच, अहवाल. दिग्दर्शिका गॅब्रिएल बोमाँट एका डावातून दुसऱ्या डावात नेत राहते. या दोन्ही जगांत सारख्याच मोकळेपणाने वावरणारा माणूस एकच, टेन फॉरवर्डमधला वेटर बेन. त्याला हुद्दा नाही, गणवेश नाही, म्हणून भीती नाही. खालच्यांना वरची बातमी तोच पुरवतो. बेनला पाहताक्षणी मला आमचे शिपाईमामा आठवले. बदल्यांची यादी निघायच्या आदल्या दिवशी मामा चहाचा कप ज्या तऱ्हेने टेबलावर ठेवत, त्यावरून माणसाने आपलं काय झालंय ते ओळखावं.

पण हा भाग मनात रुतला तो त्यातल्या न सांगण्यामुळे. वर काहीतरी शिजतंय. यानाला मध्येच मार्ग बदलून सरहद्दीकडे जायचा हुकूम येतो. दवाखान्यात एक रुग्ण आणतात आणि नर्स अलिसा ओगावाला बजावतात, हा इथे आहे हे कुणालाही सांगायचं नाही. तो कार्डेशियन आहे, म्हणजे शत्रूकडचा. ज्यांनी सितोच्या बेजोरवर कित्येक वर्षं कब्जा केला होता, ते हे लोक. त्याच संध्याकाळी अलिसा मित्रमैत्रिणींत बसते तेव्हा ओठ घट्ट मिटून बसते. टॉरिक नावाचा तरुण इंजिनियर आहे, व्हल्कन, म्हणजे भावना न दाखवणाऱ्या लोकांपैकी. त्याला ला फोर्ज एका धडधाकट शटलवर, म्हणजे छोट्या यानावर, बंदुकीचे किरण मारायला लावतो. कशासाठी, तर म्हणे आवरणाची मजबुती तपासायची आहे. टॉरिक ठरावीक थंड सुरात म्हणतो, आपण हे शटल हल्ल्यातून पळून आल्यासारखं दिसावं म्हणून करतोय असं वाटतं. ला फोर्ज नुसता बघतो. टॉरिक समजतो आणि पुढचा किरण मारतो.

प्रेक्षक म्हणूनही आपल्याला तेवढंच कळतं. एरवी या मालिकेत मोठ्या टेबलाभोवती बैठक होते आणि सगळा बेत आपल्यासमोर उलगडतो. इथे आपण दाराबाहेर.

मी नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली असतील. पावसाळ्यातली रात्र. आठच्या सुमाराला मला बोलावून घेतलं आणि हातात एक लाखोटा दिला. अठ्ठावीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कार्यालयात नेऊन अमुक साहेबांच्याच हातात द्यायचा, पोच घ्यायची, कुणाशी बोलायचं नाही. बरोबर जीपचा ड्रायव्हर आणि शिपाईमामा. लाखेची मोहर अजून कोमट होती. जीपच्या ताडपत्रीतून पाणी गळत होतं म्हणून लाखोटा पदराखाली घेतला, तर साडीला लाखेचा तांबडा डाग पडला, तो शेवटपर्यंत गेला नाही. साहेबांनी लाखोटा फोडला नाही, टेबलाच्या खणात टाकला, पोचेवर सही केली. रात्री एकला घरी आले. आई जागी होती. "काय काम होतं?" म्हणाली. मला सांगता येईना, कारण मलाच ठाऊक नव्हतं. आजही नाही. मामांना मात्र ठाऊक होतं, असा माझा दाट संशय आहे.

टॉरिकने निदान विचारलं तरी.

आता सितोकडे येते. तिची मागची गोष्ट आधीच्या एका भागात आहे, १९९२ सालच्या. अधिकारी घडवणाऱ्या अकादमीत असताना पाच जणांच्या उड्डाणपथकाने एक बंदी असलेली कसरत केली, त्यात एक जण मेला आणि उरलेल्यांनी चौकशीत खोटं सांगितलं. सितो त्यांतली एक. आमच्या अहवालात सचोटीचा रकाना वेगळा असतो. तिच्या त्या रकान्यात काय लिहिलं असेल ते सांगायला नको. पुढे अकादमीत कुणी तिच्याशी बोलेना. उड्डाणाच्या परीक्षेला जोडीदार मिळेना, म्हणून तिला ती परीक्षा शिक्षकाला बरोबर घेऊन द्यावी लागली. हे ती एका वाक्यात सांगते आणि पुढे जाते. शॅनन फिल या नटीने ते वाक्य इतकं साधं म्हटलंय की माझ्या पोटात तुटलं.

पिकार्ड तिला बोलावतो आणि त्या जुन्या प्रकरणावरून अशी झाडतो की ती रडवेली होऊन बाहेर पडते. मग वॉर्फ. तो यानावर एक युद्धकला शिकवतो. वर्ग सुटल्यावर तिला थांबवून घेतो, डोळ्यांवर पट्टी बांधतो आणि म्हणतो, आता माझे वार अडव. ती पडते, उठते, पुन्हा पडते. शेवटी पट्टी ओढून काढते आणि म्हणते, ही परीक्षाच अन्यायाची आहे. वॉर्फ म्हणतो, तू पास. पुढच्या वेळी कुणी तुझा अन्यायाने न्याय केला, तर बोलायला इतके मुके मार खावे लागू नयेत.

ती तडक कप्तानाकडे जाते. मी नको होते तर नेमणुकीच्या वेळीच सांगायचं होतं, असं तोंडावर बोलते. तेव्हा कळतं की तिला या यानावर मागून घेणारा पिकार्डच होता. तिला पुन्हा उभं राहायची संधी मिळावी म्हणून. आणि परवाची झाडाझडती ही एका कामगिरीसाठी तिचा कस बघायला होती.

इथे माझं आणि मुलाचं वाजलं. त्याच्या मते पिकार्ड थोर. माझ्या मते हे साहेबलोकांचं आवडतं सोंग आहे. आधी माणसाला चिरडायचं आणि मग सांगायचं, तुझ्या भल्यासाठीच होतं. चिरडलेल्या माणसाची ती मधली रात्र कुठे जमा करायची? आमच्याकडे पूर्वी फक्त प्रतिकूल शेराच कळवायचे; बाकी आपल्याबद्दल वर काय लिहिलं गेलंय, याचा पत्ता लागायचा नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त खटल्यात प्रत्येक नोंद संबंधिताला कळवली पाहिजे असं सांगितलं, तोवर कित्येक जण 'चांगला' या शेऱ्याने बढती हुकून निवृत्त झाले होते. त्या शब्दाने आपला घात केला, हे त्यांना कधी कळलंसुद्धा नाही. मुलगा म्हणाला, "आई, हे यान आहे." मी म्हटलं, तूच म्हणालास ना, माझं ऑफिस आहे.

कामगिरी अशी. तो कार्डेशियन खरं तर इकडचा हेर आहे. त्याला सरहद्द ओलांडून परत जायचंय. त्यासाठी पकडलेल्या बेजोरन अतिरेक्याला घेऊन चाललोय असा देखावा करायचा, आणि ती अतिरेकी म्हणजे सितो. म्हणून ते भाजलेलं शटल. सितोच्या चेहऱ्यावर माराच्या खोट्या खुणा रंगवतात. पलीकडे पोचल्यावर एका छोट्या पॉडमधून तिला परत सोडायचं. शटलमध्ये तो हेर तिच्याकडे बघतो आणि इतकी लहान कुणी असेल असं वाटलं नव्हतं म्हणतो.

ठरल्या जागी एंटरप्राइज वाट बघतं. पॉड येत नाही. सीमेपलीकडे एक प्रोब, म्हणजे विनामाणसाचं शोधयंत्र, पाठवतात, त्याला अवशेष सापडतात. पिकार्ड यानभर ऐकू जाईल अशी घोषणा करतो: एन्साइन सितो जॅक्सा कर्तव्यावर असताना गेली. चार-पाच वाक्यं. कॅमेरा एकेकाच्या चेहऱ्यावर जातो. काय झालं, कुठे, कशासाठी, यातलं काही त्यांना सांगितलं जात नाही. अलिसाकडे एक तुकडा आहे, टॉरिककडे दुसरा. ते तुकडे एकमेकांना दाखवायची परवानगी नाही.

आणि मग लॅव्हेलला बढती मिळते.

जागा एक होती, नावं दोन. आता एकच उरलं. तो त्या टेबलाशी बसलाय, कॉलरवर नवी खूण, आणि त्याला ती नकोशी झालीय. ही जागा मला मिळाली ती मी योग्य होतो म्हणून, की ती परत आली नाही म्हणून? टॉरिक सांगतो की नव्या जागेवर उत्तम काम करणं हाच तिचा मान राखणं होय. बरोबरच बोलला असेल. पण त्या घडीला ते ऐकून कुणाला बरं वाटतं?

मी मुलाला थांबव म्हटलं. पाणी प्यायला उठले.

माझे बाबा कारकून होते. १९९५च्या डिसेंबरात ऑफिसातच खुर्चीत छातीत कळ आली. सव्वा वर्षाने अनुकंपा तत्त्वावर माझी ऑर्डर निघाली, त्याच कार्यालयात. ऑर्डर हातात पडली तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला, आणि तो झाल्याचा सगळ्यांना राग आला. आईने पहिल्या दिवशी पाव किलो पेढे आणून दिले. खोक्याला लाल दोरा. मी ते खोकं पिशवीत तळाशी घातलं. पेढे वाटायचे तर कशाचे वाटायचे? आणि नाही वाटले तर इतक्या जणांनी त्या ऑर्डरसाठी खेपा घातल्या, त्यांना काय वाटेल? एक नवा कारकून, त्याला काही माहीत नव्हतं, तो हसत म्हणाला, "अहो मॅडम, पेढे कुठेत?" टाइपरायटर थांबले.

पुढे आस्थापना शाखेत काम करताना बाबांचं सेवापुस्तक हाताखालून गेलं. रजा, वेतनवाढी, बदल्या. शेवटच्या पानावर तारीख आणि 'सेवेत असताना निधन' एवढंच. त्याच शाखेतल्या बोलीत त्याला 'जागा रिकामी झाली' म्हणायचे. मीही म्हणते. म्हणावंच लागतं.

मुलाने पुन्हा चालू केलं. टेन फॉरवर्ड. एका टेबलावर तिघं गप्प बसलीयत. लांब दुसऱ्या टेबलावर वॉर्फ एकटा. हा क्लिंगॉन नावाच्या लढवय्या जमातीतला पहाडासारखा गडी, ज्याने तिच्या नावाची शिफारस केली होती, तो समोर बघत बसलाय. बेन त्याच्याजवळ जातो आणि त्या टेबलाशी जाऊन बसायला सुचवतो. वॉर्फ म्हणतो ते बरं दिसणार नाही, त्यांची मैत्रीण गेलीय. बेन त्याला जाणवून देतो की मैत्रीण तुमचीही गेलीय. ती तुम्हाला मित्र मानायची.

आमचे अव्वल कारकून, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, डबा नेहमी स्वतःच्या टेबलावर एकटे खायचे, भिंतीकडे तोंड करून. बाबांच्या शेजारच्या टेबलावर त्यांची बावीस वर्षं गेली होती. त्या पहिल्या दिवशी दुपारी मी बायकांच्या टेबलाशी बसले होते, डबा उघडलेला, घास उतरत नव्हता. मामा भाऊसाहेबांपाशी गेले, पाण्याचा तांब्या ठेवायच्या निमित्ताने वाकून काहीतरी पुटपुटले. भाऊसाहेब बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग डबा उचलून आमच्याकडे आले. बायकांनी सरकून जागा केली.

"पिशवीत काय आहे?"

"पेढे."

"मग काढ की."

दोऱ्याची गाठ मला सुटेना. त्यांनी माझ्या हातातून खोकं घेतलं, गाठ सोडवली, एक पेढा उचलून डब्याच्या झाकणात ठेवला आणि खोकं पुढे सरकवलं. बाबांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि निवृत्त होईपर्यंत नाही. ठेच्याचा वाटीभर डबा मात्र माझ्याकडे ढकलला.

पडद्यावर वॉर्फ उठून त्या टेबलाशी जातो. पोरं त्याला जागा करतात. तो बसतो. काय बोलतात ते ऐकवत नाहीत, भाग संपतो.

मुलगा म्हणाला, या भागावरून पुढे त्याच नावाची कार्टून मालिका निघाली, २०२० ते २०२४, सगळी खालच्या डेकवरच्यांचीच, धमाल आहे, लावू का? मी नको म्हटलं. सव्वाअकरा वाजले होते.

वही पुन्हा पुढे ओढली. तिसऱ्या माणसाचं कारण असं, की त्याने ऑगस्टमध्ये भर बैठकीत, सगळ्यांसमोर, मी केलेली कामाची वाटणी अन्यायाची आहे असं मला सुनावलं होतं. आवाज चढवून. वाटणी अन्यायाची होती का? थोडी होती. त्याने खासगीत सांगायला हवं होतं का? हवं होतं. खासगीत सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, हा प्रश्न आठ महिन्यांत मी स्वतःला विचारला नव्हता. 'वरिष्ठांशी वागणूक' या रकान्यासमोर मी पेन्सिलीने एक शब्द लिहिला होता. तो खोडला. दुसरा सुचला, तोही पटेना.

महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. रकाना अजून कोराच आहे.